सी झाली, आता पुढची भाषा कोणती? फी भरण्याआधी सोलापूरच्या विद्यार्थ्यांनी एवढं वाचावं

"सर, सी तो हो गया. अब आगे क्या करना? जावा या पायथन?"

निकाल लागले की जून-जुलैमध्ये हा प्रश्न हमखास ऐकू येतो. विचारणारा कधी बीसीएचा असतो, कधी बीएस्सी कॉम्प्युटरचा, कधी पॉलिटेक्निकचा. कुणी नई जिंदगीतून आलेला असतो, कुणी बेगम पेठेतून. प्रश्न कॉम्प्युटरच्या भाषेचा वाटतो, पण त्यामागे घरचं गणित असतं. वडील यंत्रमागावर किंवा रिक्षावर, आई शिवणकाम करते किंवा बिड्या वळते आणि क्लासवाल्याने 'फुल स्टॅक'ची जी फी सांगितलेली असते ती घरच्या काही महिन्यांच्या कमाईएवढी. ती एकदाच भरता येणार, दुसऱ्यांदा नाही. म्हणून पोरगं घाबरलेलं असतं. चुकीची भाषा निवडली तर?

ही भीती निम्मी खरी आहे. भाषा चुकली म्हणून कुणाचं आयुष्य बुडत नाही, कारण एक भाषा नीट आली की दुसरी शिकायला काही आठवडे पुरतात. पण पैसे आणि एक वर्ष मात्र बुडू शकतं आणि आपल्या घरांमध्ये एक वर्षही स्वस्त नसतं.

आधी तपासा, सी खरंच 'झाली' का?

"सी झाली" म्हणजे बहुतेक वेळा सीचा पेपर झाला. भाषा येणं ही वेगळी गोष्ट.

एक साधी चाचणी सांगतो. वही बंद करा, मोबाइल बाजूला ठेवा. साठ विद्यार्थ्यांची नावं आणि गुण एका फाईलमधून वाचा, गुणांप्रमाणे लावा आणि पहिले पाच छापा. कुठेही न बघता हे एका बैठकीत जमलं तर तुमची सी झाली. अडलात, पण कुठे अडलो ते सांगता येतंय, तरीही चालेल. काहीच सुचलं नाही, तर पुढची भाषा हे त्यावरचं औषध नाही. तिथेही तोच लूप आणि तीच अट भेटणार आहे, फक्त कपडे बदलून.

आता सी कोणत्या सॉफ्टवेअरवर शिकलात ते पाहा. अनेक ठिकाणी अजूनही निळ्या स्क्रीनचं टर्बो सी चालतं. हे १९९० च्या आसपासचं, डॉसच्या जमान्यातलं सॉफ्टवेअर आहे. नव्या विंडोजवर ते चालवायला डॉसबॉक्ससारखी कुबडी द्यावी लागते. त्यावर एक प्रयोग करून बघा. समजा ४० मजूर आहेत आणि प्रत्येकाला १००० रुपये द्यायचेत. दोन्ही आकडे साध्या 'इंट'मध्ये ठेवा, गुणाकार करा आणि उत्तर छापा. ४०,००० यायला हवेत. टर्बो सी सांगेल, उणे २५,५३६.

मशीन बिघडलेलं नाही. टर्बो सीमध्ये 'इंट'ला १६ बिट मिळतात, त्यात ३२,७६७ पेक्षा मोठा आकडा मावत नाही. वर गेला की तो फिरून उणे बाजूला येतो. आजच्या जीसीसी कंपायलरवर तोच प्रोग्रॅम बरोबर ४०,००० सांगतो, कारण तिथे 'इंट' ३२ बिटांचा असतो आणि मर्यादा २१४ कोटींच्या वर जाते. जावात 'इंट' कुठल्याही मशीनवर ३२ बिटांचाच, तसा त्या भाषेचा नियमच आहे. पायथनमध्ये पूर्णांकाला अशी मर्यादाच नाही, मेमरी पुरेल तेवढा मोठा आकडा चालतो.

मला विचाराल तर भाषाभाषांतला फरक इथे दिसतो. कंस कुठे आणि अर्धविराम कुठे, हा वरवरचा फरक. आकडा, अक्षर आणि मेमरी यांच्याशी ती भाषा कशी वागते, हा खरा.

अक्षराचंही एक उदाहरण घ्या. 'सोलापूर' या शब्दात अक्षरं किती? आपण म्हणू चार. पायथनला लांबी विचारली तर ती सात सांगते, कारण काना, मात्रा आणि उकार ती वेगळे मोजते. सीचं 'स्ट्रलेन' युटीएफ-८ मध्ये एकवीस सांगतं, कारण ते अक्षरं मोजतच नाही, बाइट मोजतं आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तिथे तीन बाइट लागतात. उर्दूच्या अक्षरांना दोन लागतात. उद्या तुम्हाला मराठी किंवा उर्दूत चालणारं ॲप बनवायचं असेल, तर हा फरक पहिल्याच दिवशी आडवा येईल.

चार भाषांच्या गावाला पाचवीची भीती कशाला?

सोलापूरच्या माणसाला भाषा शिकवायला लागत नाहीत. आपल्या घरात दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी. पूर्व भागात पद्मशाली शेजारी असेल तर तेलुगू कानावर पडतं आणि अक्कलकोटच्या वाटेला लागलं की कन्नड. इंग्रजी पुस्तकात. ज्याला दखनी येते त्याला हिंदी वेगळी शिकावी लागत नाही, तेलुगूला मात्र वेळ लागतो. कारण एक घराणं आपलं, दुसरं वेगळं.

कॉम्प्युटरच्या भाषांतही घराणी आहेत. सी ही डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये घडवली. सी++, जावा, जावास्क्रिप्ट या दिसायला तिच्याच घरातल्या, तेच महिरपी कंस, तेच फॉर आणि इफ. सीवरून जावात गेलात तर रस्ता ओळखीचा वाटतो, फक्त 'क्लास' आणि 'ऑब्जेक्ट' ही नवी कल्पना डोक्यात बसवावी लागते. पायथनचा पेहराव वेगळा. तिथे कंस नाहीत, ओळ किती आत सरकवली यावर अर्थ ठरतो. पण विचार करण्याची पद्धत तीच. एसक्यूएल मात्र खऱ्या अर्थाने वेगळी. तिथे 'कसं करायचं' ते सांगायचं नसतं, 'काय हवं' ते सांगायचं असतं.

नावांवरून एक गैरसमज होतो, तोही काढून टाकू. जावास्क्रिप्ट ही जावाची धाकटी बहीण नाही. दोन्ही १९९५ साली बाहेर आल्या, जावाचं नाव तेव्हा गाजत होतं म्हणून दुसरीला ते चिकटवलं. गुलाब आणि गुलाबजाम यांचं जेवढं नातं, तेवढंच या दोघींचं.

भाषा नंतर, आधी हे ठरवा की काम कुठे करायचंय

सोलापुरात मोठ्या आयटी कंपन्या नाहीत, ही तक्रार जुनी आहे. बहुतेक मुलं पदवी हातात आली की सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्याला मुलाखतीला जातात. (ज्या चार हुतात्म्यांच्या नावाने ही गाडी धावते, त्यांत १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले कुर्बान हुसेन आहेत. गाडीत बसणाऱ्या आपल्या किती पोरांना हे ठाऊक असतं, देव जाणे.)

पुण्याच्या किंवा बेंगळुरूच्या मोठ्या सेवा-कंपन्यांत फ्रेशर म्हणून शिरायचं असेल, तर माझं मत सरळ आहे: जावा. बँका, विमा आणि सरकारी व्यवस्था यांचं प्रचंड काम जावात आहे. ते जुनं आहे, पण रोज चालतं आणि रोज माणसं मागतं. आणखी एक गोष्ट, टीसीएसच्या एनक्यूटीसारख्या परीक्षांत कोडिंगच्या प्रश्नाला सी, सी++, जावा, पायथन यांतली आपली भाषा आपणच निवडायची असते. म्हणजे तिथे भाषेमुळे कुणी अडत नाही. गणित मांडता आलं नाही म्हणून अडतं.

डेटा किंवा एआयकडे ओढा असेल तर पायथन. १९९१ पासूनची ही भाषा आज या क्षेत्राची बोलभाषा झाली आहे. २०२४ मध्ये गिटहबवर तिने जावास्क्रिप्टलाही मागे टाकलं. शिकायला सगळ्यांत सोपी, यात वाद नाही. पण जाहिरातीत एक गोष्ट कुणी सांगत नाही. 'मला पायथन येते' एवढ्यावर नोकरी मिळणं अवघड आहे. तिच्याबरोबर एसक्यूएल लागते आणि संख्याशास्त्र लागतं. सरासरी आणि मध्यक यांतला फरक सांगता येत नसेल, तर दोन महिन्यांच्या कोर्सने कुणी 'डेटा सायंटिस्ट' होत नाही, मग प्रमाणपत्रावर काहीही छापलेलं असो.

तिसरी परिस्थिती आपल्या समाजात बरीच आढळते, त्यामुळे मोकळेपणाने बोलू. मुलगी हुशार आहे, बीसीए करतेय, पण घरचे पुण्याला पाठवायला तयार नाहीत. निदान सध्या तरी नाहीत. ते बरोबर की चूक, हा वाद इथे नको, पण भाषा निवडताना ही वस्तुस्थिती धरायलाच हवी. अशा मुलीला मी जावास्क्रिप्ट सांगेन, एचटीएमएल आणि सीएसएससकट. कारण हे काम घरून होतं, ग्राहक गावातलाही असू शकतो आणि परदेशातलाही. शिवाय केलेलं काम लगेच दाखवता येतं. चादर-टॉवेलच्या व्यापाऱ्याला त्याच्या मालाचं पान मोबाइलवर उघडून दाखवलं, की त्याला प्रमाणपत्र विचारायची गरज वाटत नाही. पीएचपी आणि वर्डप्रेस यांना आजकाल नाकं मुरडली जातात, पण छोट्या धंद्यांच्या वेबसाइट अजून त्यावर चालतात आणि पैसे खरेच मिळतात.

अँड्रॉइड ॲप बनवायचं असेल तर कॉटलिन. २०१९ पासून गुगलने तिलाच पहिली पसंती दिली आहे. पण अँड्रॉइड स्टुडिओ किमान ८ जीबी रॅम मागतो. घरी ४ जीबीचा जुना लॅपटॉप असेल तर हा मार्ग निवडून रोज तासभर स्क्रीनकडे बघत बसाल. हातात काय आहे, त्यावरून भाषा ठरवण्यात कमीपणा नाही. त्याच जुन्या लॅपटॉपवर पायथन, एसक्यूएल आणि जावास्क्रिप्ट आरामात चालतात. गो आणि रस्ट यांच्याबद्दल यूट्यूबवर खूप ऐकाल. चांगल्या भाषा आहेत, पण त्या तिसऱ्या-चौथ्या नंबरला.

आणि एसक्यूएल? तिचं नाव प्रश्नात कधीच नसतं. "जावा या पायथन" विचारणारे भरपूर, "एसक्यूएल शिकू का" विचारणारा अजून भेटायचाय. १९७० च्या दशकात आयबीएममध्ये जन्मलेली ही भाषा आजही बँकेपासून किराणा दुकानाच्या ॲपपर्यंत सगळीकडे आहे. जावाकडे जा किंवा पायथनकडे, मुलाखतीत दोन टेबलं जोडायला सांगतीलच. मी तर म्हणेन, सीनंतरची भाषा एसक्यूएलच. महिनाभर द्या आणि मग जावा-पायथनचा झगडा करा.

जकातीचा हिशेब

भाषा निवडल्यावर काय करायचं? व्हिडिओ बघत बसू नका, काहीतरी बनवा. आपल्या सगळ्यांना माहीत असलेला एक विषय सुचवतो: जकात काढून देणारा प्रोग्रॅम.

वरवर दोन ओळींचं काम. निसाबच्या वर माल असेल तर अडीच टक्के. पण लिहायला बसा, म्हणजे खरी गंमत कळेल. निसाब साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी. आज सराफाकडे तोळा म्हणजे दहा ग्रॅम. म्हणून तुम्ही सरळ ७५ ग्रॅम लिहून टाकाल. चूक! हा जुना तोळा आहे, ११.६६४ ग्रॅमचा. म्हणजे सोनं ८७.४८ ग्रॅम आणि चांदी ६१२.३६ ग्रॅम. पुढे प्रश्न येतात: कुणाचं देणं असेल तर वजा कधी करायचं, सोनं आणि रोकड एकत्र असेल तर कोणता निसाब धरायचा, वर्ष कोणत्या तारखेपासून मोजायचं. यातली कोणतीही अडचण जावाची नाही की पायथनची नाही. मसला आलिमांना विचारून घ्यायचा आणि मग तो नियम नेमक्या पायऱ्यांमध्ये मांडायचा. ते मांडणं म्हणजेच प्रोग्रॅमिंग.

अशा पायऱ्यांना अल्गोरिदम म्हणतात आणि हा शब्द ज्यांच्या नावावरून आला ते नवव्या शतकातल्या बगदादचे मुहम्मद इब्न मुसा अल-ख्वारिज्मी. भारतीय अंकांनी हिशेब कसा करायचा यावर त्यांनी पुस्तक लिहिलं, ते लॅटिनमध्ये गेलं आणि नावाचं 'अल्गोरिदमी' झालं. त्यांच्या 'अल-जब्र'च्या पुस्तकात तर वारसाहक्काच्या वाटणीची गणितंही आहेत. म्हणजे शरियतचा नियम घ्यायचा आणि त्याच्या पायऱ्या मांडायच्या, हे काम आपल्याकडे नवं नाही.

हाच जकातीचा प्रोग्रॅम आधी सीमध्ये लिहा. मग पायथनमध्ये, निम्म्या ओळींत होईल. मग जावास्क्रिप्टमध्ये एक पान बनवा, अम्मीच्या मोबाइलवर उघडेल. मागच्या पाच वर्षांचा हिशेब ठेवायचा म्हटलं की एसक्यूएल लागेल. पानावर उर्दू हवी असेल तर मजकूर उजवीकडून डावीकडे कसा न्यायचा ते शिकाल. उर्दू माध्यमातून आलेल्यांना हे इतरांपेक्षा चांगलं जमतं, कारण कुठे बिघडलंय ते त्यांना वाचताक्षणी दिसतं. एक सावधगिरी: पैसे दशांशात ठेवू नका. ०.१ आणि ०.२ ची बेरीज पायथनला किंवा जावास्क्रिप्टला विचारून बघा, उत्तर नेमकं ०.३ येत नाही. रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवायची आणि दाखवताना रुपये करायचे.

"एआय लिहून देतो ना?"

हा नवा प्रश्न. चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आला, तेव्हापासून पोरं विचारतात की मग शिकायचंच कशाला. त्याच्याकडून जरूर लिहून घ्या. पण त्याने तोळा दहा ग्रॅमचा धरला, तर ते तुमच्याशिवाय कोण पकडणार? उणे २५,५३६ रुपये मजुरी छापून आली, तर मालकासमोर उभं कोण राहणार? लिहिणं स्वस्त झालंय, तपासणं महाग. आणि तपासायला भाषा वाचता यावी लागते. या एआयचा पुढचा दरवाजा पायथनचा असला, तरी आतलं अवजड काम बहुतांशी सी++ सारख्या भाषांतच चालतं. म्हणजे पहिल्या वर्षी केलेली सी वाया गेली असं समजू नका.

सोलापूरला तर हे वेगळं सांगायला नको. आपली चादर जॅकार्डवर विणली जाते. पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडलेली असतात. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला नाही. आहे किंवा नाही, एक किंवा शून्य. फ्रान्समधल्या जाकारने १८०४ च्या सुमारास हा माग बनवला आणि चार्ल्स बॅबेजने पत्त्यांची कल्पना आपल्या गणनयंत्रासाठी त्यावरूनच उचलली. ज्या घरात पत्ते लावणारा माणूस आहे, त्या घरात प्रोग्रॅमर आधीपासून आहे. पत्त्यात एक भोक चुकलं तर मोर कसा वाकडा होतो, हे वडिलांना विचारा.

फीच्या आधी फुकटचं

आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात सी, सी++, जावा, पायथन यांचे छोटे व्हिडिओ धडे आहेत, मराठीतही आहेत आणि पैसे लागत नाहीत. ऐकत ऐकत शेजारच्या खिडकीत स्वतः टाइप करायचं, अशी त्यांची पद्धत आहे. इंग्रजी झेपत असेल तर एनपीटेलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे पूर्ण कोर्स आहेत. शिकणं मोफत, फक्त परीक्षेला बसायचं असेल तर फी. लॅपटॉप नसेल तर मोबाइलच्या ब्राउझरवर चालणारे कंपायलर आहेत. मोठं काम त्यावर होत नाही, पण पहिले दोन महिने निघतात.

यातून दोन महिने काढा. मग क्लासच हवा असं वाटलं तर जा, पण आत जाऊन तीन गोष्टी विचारा. शिकवणारा कोण आहे आणि त्याचा एक तास आधी बसून बघता येईल का? फी हप्त्यांत घेता का आणि मध्येच सोडलं तर परत काय मिळतं? 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणता, ते लेखी द्याल का? तिसऱ्या प्रश्नाला समोरचा विषय बदलतो की नाही, ते फक्त बघा.

परवा अशीच एक सेकंड इयरची मुलगी हे सगळं ऐकून म्हणाली, "मतलब सर, जावा या पायथन, ये बताया ही नहीं आपने." मी तिला साठ विद्यार्थ्यांच्या गुणांची फाईल पाठवली आहे. ती सोडवून आली की सांगेन.